नाव तरंगते आहे तोवर

आषाढ लागला की कोकणात आणि गोव्यात होड्या वाळूवर वर ओढून झापांखाली झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मगच होडी पाण्यात लोटायची. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा नियम आहे आणि त्याचा अर्थ सरळ आहे. वारा आणि लाटा माणसापेक्षा मोठ्या आहेत; त्यांच्या तोंडी जाऊ नका, थांबा. समुद्राबद्दलचं सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत खरं शहाणपण हेच आहे.

पण ज्या नावेला अख्खा महासागर ओलांडायचा आहे तिला ही सोय नसते. किनारा हजार मैल मागे आणि हजार मैल पुढे. वादळ आलं तर ते जिथे असाल तिथेच गाठणार. अशा वेळी तीस-चाळीस फुटांची, आपल्या घरातल्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवाव्यात एवढीच लांब, शिडाची नाव काय करते? ती बुडत का नाही? आणि आतली माणसं काय करतात? या प्रश्नांची उत्तरं माणसाने गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू, फार मोठी किंमत देऊन शोधली. त्या शोधाचा हा थोडक्यात इतिहास.

बेळगावात बसून आपल्याला याचं काय, असं कुणी म्हणेल. तर दोन कारणं सांगते. पहिलं असं की आपल्या खानापूर तालुक्याच्या जंगलात उगम पावणारी म्हादई पुढे गोव्यात मांडवी होते, आणि त्याच मांडवीच्या पाण्यावर बांधलेल्या नावांनी या इतिहासातलं एक प्रकरण लिहिलं आहे. दुसरं कारण घरातलं. माझ्या नणंदेच्या मुलीने नौदलात जायचं म्हटलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो हा, "तुफानात दोर ओढायची ताकद मुलीच्या अंगात असते काय?" विचारणारी मंडळी वाईट नव्हती. काळजीनेच विचारत होती. श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ऐकत वाढलेली आपण माणसं. त्या कथेत समुद्रावर श्रीपाल जातो, समुद्रात ढकलला जातो तोही श्रीपालच. मैनासुंदरीची श्रद्धा कितीही मोठी असली तरी तिची जागा किनाऱ्यावर, वाट पाहण्याची. तेव्हा प्रश्न साहजिक होता. पण त्याचं उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा जे घडून गेलंय ते बघून द्यावं, हे बरं.

आधी वारा समजून घेऊ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. म्हणून सकाळी जी नाव छान पळत होती तीच दुपारी कुशीवर लोळायला लागते. शहाणा खलाशी वारा वाढायच्या आधीच शीड गुंडाळून लहान करतो. समुद्रावर एक रीतच आहे: शीड कमी करावं का, असा प्रश्न मनात आला की तीच वेळ. दूध उतू जायला लागल्यावर गॅस बंद करायला धावणं आणि थोडं आधीच आच कमी करणं, यात जो फरक आहे तोच इथे. यात बळाचा भाग थोडा, लक्ष ठेवण्याचा भाग मोठा.

आता लाट. लांबून येणारी उंच लाट दिसायला भयंकर असते, पण ती एकटी फारसं काही करत नाही. कडेवरच्या मुलाला आई वर उचलते तशी ती नावेला उचलते आणि पुढे निघून जाते. कारण अशा लाटेत पाणी पुढे धावत नाही, जागच्या जागी वर-खाली फिरतं. धोका असतो फुटत्या लाटेत. लाटेचा माथा कोसळतो तेव्हा टनावारी पाणी खरोखरच पुढे फेकलं जातं. त्या क्षणी नाव लाटेला आडवी असेल तर ती लोळून उलटी होते. लाटेच्या उतारावरून अति वेगाने घसरली तर नाक पाण्यात खुपसून, पिछाडी वर होऊन, कोलांटी खाते. आणि बरं का, तळाला जड शिशाचा किंवा लोखंडाचा कणा असेल, ज्याला खलाशी कील म्हणतात, तर उलटी झालेली नाव बहुतेक वेळा आपोआप सरळही होते. आपल्या लहानपणच्या त्या डुलणाऱ्या बाहुलीसारखी. पण तोवर डोलकाठी मोडलेली असते आणि आत गुडघाभर पाणी असतं.

लहान नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. २४ एप्रिल १८९५ रोजी तो बोस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्टला परत पोचला. त्याची 'स्प्रे' ही नाव जेमतेम ३७ फुटांची, कालवं पकडायची जुनी नाव त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली. त्याच्या मागोमाग १९०१ मध्ये जॉन व्हॉस नावाचा कप्तान झाडाचं खोड कोरून केलेली डोणी घेऊन कॅनडाहून निघाला. 'टिलिकम' तिचं नाव. १९०४ मध्ये तो इंग्लंडला पोचलासुद्धा. व्हॉसचा भर समुद्री नांगरावर होता. हा नांगर तळाला टेकत नाही. कापडाची मोठी पिशवी दोराने पुढच्या बाजूने पाण्यात सोडायची. ती पाणी धरून ठेवते आणि नावेचं तोंड वाऱ्याकडे वळलेलं राहतं. आडवं होण्याचा धोका टळतो. पुढे कित्येक वर्षं या नांगराच्या बाजूने आणि विरुद्ध खलाशांमध्ये वाद चालू राहिले.

आता एका बाईची गोष्ट. बेरिल स्मीटन. तिचा नवरा माइल्स ब्रिटिश काळात हिंदुस्थानी सैन्यातल्या घोडदळात अधिकारी होता. १९३९ मध्ये या जोडप्याने हिंदुकुशातल्या तिरिच मीर शिखरावर चढाई केली तेव्हा त्यांच्याबरोबर तरुण तेनसिंग नोर्गे होता. तोच, जो पुढे एव्हरेस्टवर पोचला. महायुद्धानंतर दोघांनी 'त्झू हांग' नावाची ४६ फुटी नाव घेतली. हे चिनी नाव करुणेची देवता क्वान यिन हिच्याशी जोडलेलं आहे. १९५६ च्या डिसेंबरात ते ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून निघाले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून इंग्लंडला जायचं होतं, कारण त्यांची मुलगी तिथे शाळेत होती. बरोबर जॉन गझवेल नावाचा तरुण सुतार-खलाशी होता आणि एक मांजर.

पृथ्वीच्या दक्षिण भागात चाळीस अंशांच्या खाली जमीन जवळजवळ नाही. वारा पृथ्वीभोवती गोल गोल फिरत राहतो, त्याला अडवायला डोंगर नाही, किनारा नाही. खलाशी त्या पट्ट्याला गर्जणारे चाळीस म्हणतात, त्याखालचे पन्नास त्याहून वाईट. १४ फेब्रुवारी १९५७ रोजी 'त्झू हांग' चिलीच्या पश्चिमेला शेकडो मैलांवर होती. सगळी शिडं उतरवलेली, नावेचा वेग आटोक्यात राहावा म्हणून मागे लांब जाड दोर ओढत ठेवलेला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे सगळं बरोबर केलेलं. सुकाणूवर बेरिल होती, वय ५१. मागून एक प्रचंड लाट आली. नावेने पुढच्या बाजूने कोलांटी खाल्ली.

माइल्स वर आला तेव्हा दोन्ही डोलकाठ्या गेल्या होत्या, सुकाणूचं पातं गेलं होतं, केबिनचं छप्पर उखडून डेकवर मोठं भगदाड पडलं होतं. बेरिल जागेवर नव्हती. तिच्या कमरेचा सुरक्षा-दोर तुटला होता. ती थोड्या अंतरावर पाण्यात दिसली. खांद्याला दुखापत झालेली, डोक्याला जखम, तरी मोडलेल्या डोलकाठीच्या पसाऱ्याकडे पोहत येत होती. दोघांनी तिला वर ओढून घेतलं. आणि मग तिघांनी काय केलं? बादल्या घेतल्या आणि पाणी उपसायला लागले. गझवेलने फळ्या आणि शिडाचं कापड ठोकून भगदाड बंद केलं. पुढच्या दिवसांत उरल्यासुरल्या लाकडांतून डोलकाठी उभी केली, सुकाणूच्या जागी वल्हं बनवलं. सुमारे पाच आठवड्यांनी ते चिलीच्या किनाऱ्याला लागले. मांजरासकट.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. नाव दुरुस्त करून त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवरा-बायको दोघंच पुन्हा निघाले. पुन्हा वादळ आलं. पहिल्या वेळी मागे दोर सोडून पळालो आणि कोलांटी खाल्ली, म्हणून या वेळी त्यांनी दुसरा मार्ग घेतला. शिडं उतरवायची, सुकाणू बांधून टाकायचं आणि नावेला तिच्या मनाप्रमाणे तरंगू द्यायचं. २६ डिसेंबरला फुटत्या लाटेने बाजूने गाठून नाव लोळवली. पुन्हा डोलकाठ्या गेल्या. पुन्हा पाणी उपसलं. पुन्हा चिली. अखेर १९६८ च्या डिसेंबरात बेरिल आणि माइल्स केप हॉर्नला वळसा घालून गेले, आणि तेही पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध. तेव्हा बेरिल ६३ वर्षांची होती.

दोन पद्धती, दोन्ही वेळा नाव उलटली. मग बरोबर काय? याच प्रश्नाने त्या पिढीला झोप लागू दिली नाही. अर्जेंटिनाच्या व्हितो दुमासने १९४२-४३ मध्ये 'लेग २' ही ३१ फुटी नाव घेऊन दक्षिणेच्या याच गर्जणाऱ्या पट्ट्यातून एकट्याने प्रदक्षिणा केली होती. मागे दोर ओढण्यापेक्षा थोडं शीड ठेवून लाटांपुढे पळत राहणं त्याला पसंत होतं. फ्रेंच खलाशी बर्नार मोइतेसिए १९६५-६६ मध्ये बायको फ्रांस्वाझबरोबर ताहितीहून केप हॉर्नमार्गे स्पेनला निघाला, तेव्हा भर वादळात त्याला दुमासची पद्धत आठवली. मागे ओढत असलेले जड दोर नावेला जखडून ठेवताहेत आणि लाटा पाठीवर चढताहेत हे पाहून त्याने ते दोर कापून टाकले. नाव मोकळी झाली. मग प्रत्येक लाटेला सरळ पाठ न देता थोडी तिरपी पाठ देत त्याने ती चालवली, म्हणजे नाक खुपसायचं नाही आणि आडवंही पडायचं नाही. ते वाचले.

पण थांबा. दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची पहिली शर्यत झाली. नऊ जण निघाले, एकच परत आला, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याने काय केलं? मोइतेसिएने कापून टाकले तसेच लांब दोर वादळात मागे सोडले, आणि त्याची नाव त्या दोरांवर शांत राहिली! त्याच्या नावेचं नाव 'सुहेली'. ३२ फुटांची, सागवानी, आणि बांधलेली कुठे? आपल्या मुंबईत. १९६३-६४ मध्ये तिथल्या सुतारांनी जुन्या पद्धतीने, हाताच्या अवजारांनी तासून ती उभी केली होती. १४ जून १९६८ ला फाल्मथहून निघालेली 'सुहेली' ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला परत तिथेच लागली. नऊ नावांत सगळ्यांत हळू चालणाऱ्यांपैकी ती एक, पण टिकली तीच. मुंबईच्या ज्या सुतारांचे हात त्या लाकडावर फिरले त्यांची नावं या इतिहासात कुणी ठळक लिहिली नाहीत, म्हणून इथे निदान त्यांची आठवण काढते.

एकाला दोराने मारलं, दुसऱ्याला दोराने तारलं. म्हणजे नुसती पद्धत पाठ करून भागत नाही. आपली नाव हलकी की जड, लांब की आखूड, तिच्या पोटाचा आकार कसा, हे जाणून त्याप्रमाणे वागावं लागतं. एका सासूची भाकरीच्या पिठाची रीत दुसऱ्या घरच्या ज्वारीला लागू पडेलच असं नाही, तसंच.

यानंतर आलं १९७९ साल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत यायची एक जुनी शर्यत आहे. ११ ऑगस्टला ३०३ नावा निघाल्या. १३ ची रात्र आणि १४ ची सकाळ यांत वादळाने त्यांना गाठलं. शर्यतीतले १५ खलाशी मरण पावले. चोवीस नावा माणसांनी सोडून दिल्या. आणि आता नीट ऐका: त्या चोवीसपैकी फक्त पाच बुडाल्या. बाकीच्या एकोणीस, आत कुणी नसताना, तरंगतच राहिल्या. चौकशी झाली तेव्हा दिसलं की मृतांपैकी सात जण रबरी जीवरक्षक तराफ्यांशी संबंधित अपघातांत गेले होते, आणि ज्या नावा त्या सातांनी सोडल्या त्या सगळ्या नंतर तरंगताना सापडून बंदरात ओढून आणल्या गेल्या.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. ती माणसं भित्री नव्हती. मोडलेल्या, पाण्याने भरलेल्या, अंधारात गरगरणाऱ्या नावेत बसलेल्या माणसाला समोरचा नवाकोरा तराफा सुरक्षित वाटणारच. पण मोडकी नाव त्या तराफ्यापेक्षा दणकट होती. तेव्हापासून समुद्रावर एक नियम पक्का झाला: तराफ्यात वर चढून जायची वेळ आली तरच तराफ्यात जा. म्हणजे नाव पायाखालून खरोखरच बुडायला लागली तरच. नाव तरंगते आहे तोवर तिला सोडायचं नाही.

फास्टनेटने आणखीही शिकवलं. बेरिलचा तुटला तसे त्या रात्रीही सुरक्षा-दोर आणि त्यांच्या कड्या तुटल्या होत्या, त्यामुळे ते जास्त मजबूत बनायला लागले. साउदम्प्टन विद्यापीठात पाण्याच्या टाकीत छोट्या नावा सोडून प्रयोग झाले. नावेच्या लांबीच्या ३० टक्के उंचीची फुटती लाट बाजूने आली तर नाव उलटू शकते, आणि ६० टक्के उंचीची असेल तर जवळजवळ कुठलीही नाव पूर्ण लोळते, असं त्यांत दिसलं. म्हणजे ३० फुटी नावेला उलटायला नऊ-दहा फुटांची फुटती लाट पुरते. डोंगराएवढी लाट लागत नाही. तसंच डोनाल्ड जॉर्डन या अमेरिकन विमान-अभियंत्याने एक नवं साधन तयार केलं. लांब दोरावर कापडाचे शंभराहून जास्त छोटे छोटे शंकू ओवलेले, माळेसारखे. ही माळ मागून सोडली की एक शंकू लाटेतून सुटला तरी बाकीचे पाणी धरून असतात, आणि नाव ना घसरते ना आडवी होते. एकट्याने जाणाऱ्यांना याचा फार आधार झाला, कारण ते सोडून खाली केबिनमध्ये दार लावून बसता येतं. सुकाणूवर चोवीस तास उभं राहायला लागत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ, ताकदीच्या. १९७६ ते ७८ या काळात पोलंडच्या क्रिस्तिना होयनोव्स्का-लिस्किएविच या जहाजबांधणीच्या अभियंता असलेल्या बाईने एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, जगातली पहिली स्त्री. १९७८ मध्येच न्यूझीलंडची नेओमी जेम्स केप हॉर्नमार्गे एकटीने फिरून आली. ही पूर्वी केस कापायचं काम करत असे, आणि शिडाच्या नावेशी तिची ओळख होऊन फार वर्षं झाली नव्हती. केप हॉर्नच्या अलीकडे तिची नाव उलटली, पुन्हा सरळ झाली. तिने पाणी उपसलं, डोलकाठीचे तणावे सांभाळले आणि पुढे गेली. २७२ दिवसांनी घरी. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियाची के कॉटी १८९ दिवसांत, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता. आणि ब्रिटनच्या जीन सॉक्रेटिस यांनी २०१९ मध्ये हेच केलं तेव्हा त्यांचं वय ७७ होतं. आजीबाई! ७७ व्या वर्षी दंडात किती बळ असतं ते आपण जाणतो. दोर ओढायला चरक्या असतात, कप्प्या असतात. विहिरीचं पाणी रहाटाने ओढतो, तेच तत्त्व. लागतं ते वेगळंच. वेळेवर शीड कमी करणं, झोप तुकड्यातुकड्याने घेणं, प्रत्येक वस्तू जागच्या जागी बांधून ठेवणं, मोडलेलं हाताशी असेल त्यातून जोडणं. हे सगळं बायकांना कुणी शिकवायला नको.

आता गोवा. एकट्या भारतीयाने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे स्वप्न व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचं. निवृत्तीनंतर साताऱ्याच्या फलटणजवळ विंचुर्णीत राहणारे हे दर्यावर्दी. नाव बांधायचं काम गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या जहाजकारखान्यात झालं आणि तिला नदीचंच नाव मिळालं, 'म्हादई'. १९ ऑगस्ट २००९ ला दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परत आले. एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. पाठोपाठ २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नावेतून कुठेही न थांबता फिरून आले.

मग आली 'तारिणी'. हीसुद्धा दिवाडीचीच, १८ फेब्रुवारी २०१७ ला नौदलात दाखल झाली. ओडिशातल्या तारातारिणी देवीवरून तिचं नाव ठेवलं. तरणे, तारू, तारिणी, आणि आपला 'तीर्थ' हा शब्दसुद्धा एकाच धातूतून आले आहेत. तीर्थ म्हणजे मुळात नदी पार करायचा उतार. १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा जणी गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी कप्तान. बरोबर प्रतिभा जामवाल, स्वाती पी., हैदराबादची ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता. पॅसिफिकमध्ये त्यांना ६० नॉटचा, म्हणजे ताशी ११० किलोमीटरचा वारा आणि सात मीटरपर्यंतच्या लाटा भेटल्या. सात मीटर म्हणजे दुमजली घर. कडाक्याची थंडी. १८ जानेवारी २०१८ ला त्यांनी केप हॉर्न ओलांडलं. २१ मे ला, २५४ दिवसांनी, सहाही जणी सुखरूप गोव्यात परतल्या.

त्याच वर्षी एक वाईट दिवसही आला. 'सुहेली'च्या जुन्या शर्यतीला ५० वर्षं झाली म्हणून तशीच शर्यत पुन्हा भरली होती. अभिलाष टॉमी 'सुहेली'च्याच नमुन्यावर गोव्यात बांधलेल्या 'तुरिया' नावेतून निघाले होते. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात नाव लोळली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. हलता येत नव्हतं. ते नावेतच पडून राहिले. तीन दिवसांनी, २४ तारखेला, 'ओसिरिस' या फ्रेंच मासेमारी गस्ती जहाजाने त्यांना उचललं. फास्टनेटचा धडा इथे खरा ठरला. मोडकी का होईना, नाव तरंगत होती.

टॉमी बरे झाले आणि २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरले, दुसरे आले. पहिलं कोण? दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, एकटीने करायची पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जिंकणारी पहिली स्त्री. पण तिचं मला सगळ्यांत आवडलेलं काम जिंकण्याचं नाही. वाटेत तापिओ लेहतिनेन या फिनलंडच्या स्पर्धकाची नाव काही मिनिटांत खरोखरच बुडाली. तो तराफ्यात उतरला, कारण आता तीच वेळ होती. कर्स्टन आपली वाट सोडून त्याच्याकडे वळली, रात्रभर नाव हाकत दुसऱ्या दिवशी पोचली, एकटीने त्याला आपल्या नावेवर घेतलं आणि मग 'दर्या गायत्री' नावाच्या मालवाहू जहाजावर सोपवलं. नंतर पुन्हा आपली शिडं चढवून ती पुढे निघाली. २७ एप्रिल २०२३ ला फ्रान्सच्या बंदरात सगळ्यांच्या आधी पोचली.

आणि अगदी अलीकडे, २ ऑक्टोबर २०२४ ला, 'तारिणी' पुन्हा निघाली. या वेळी नावेत फक्त दोघी, दिलना के. आणि रूपा ए. एक झोपली की दुसरी जागी. स्वयंपाक, शिवण, दुरुस्ती, हवामानाचा अंदाज, सुकाणू, सगळं त्या दोघींत वाटलेलं. पंचवीस हजार सागरी मैलांहून जास्त अंतर कापून, केप हॉर्नला वळसा घालून २९ मे २०२५ ला त्या गोव्यात उतरल्या.

पुढच्या वेळी सहकुटुंब गोव्याला गेलात तर देवळं आणि चर्च बघून झाल्यावर जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला जाऊन या. काही मिनिटांचाच रस्ता आहे. मुलींना बरोबर घ्या. त्या बेटावर बांधलेल्या दोन नावांनी पृथ्वीला वेढा घातला हे त्यांना सांगा. फेरीबोटीच्या कठड्याखालून वाहणारं पाणी खानापूरच्या रानातून आलेलं आहे, हेही सांगा.